दिव्यात तेल कोणाचे? : बायबलमधील भाकिते आणि दिव्याचा हरवलेला अर्थ

१/ बायबलमधील सात दिव्यांचा ‘गुप्त अर्थ’ उलगडून सांगणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतात. सात दिवे म्हणजे सात युगे, सहा युगे सरली, सातव्या दिव्याची ज्योत फडफडू लागली, तेव्हा अंत जवळ आला, असा त्यांचा हिशेब. त्याखालच्या प्रतिक्रियांत दुसरा पंथ भेटतो : दिवा म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे अज्ञान, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. पहिल्याला दिव्यात घड्याळ दिसते, दुसऱ्याला सुविचार. तेल मात्र दोघांनाही दिसत नाही. हा धागा त्या तेलाविषयी आहे.

२/ प्रतिपादन आरंभीच स्पष्ट केलेले बरे. हिब्रू संदेष्ट्यांच्या वाणीत दिव्याला महत्त्व आले ते तो विझू शकतो म्हणून. सूर्य कोणाच्या परवानगीने उगवत नाही. दिव्याला मात्र रोज तेल लागते, वात सारावी लागते, कोणाला तरी जागे राहावे लागते. म्हणूनच राजवंश, नगर, मंदिर, मंडळी अशा ज्या गोष्टी माणसांच्या वर्तनावर तरतात किंवा बुडतात, त्यांच्यासाठी बायबलमध्ये दिवा येतो. त्या दिव्यात तारीख शोधणारा वाचक करारातील अट सोडून केवळ मुदत वाचत असतो.

३/ प्रथम वस्तू पाहावी, मग प्रतीक. प्राचीन यहूदात घरोघरी जळणारा दिवा मातीचा होता : ओल्या बशीची कड एका बाजूने चिमटून केलेली चोच, चोचीत जवसाच्या झाडाच्या धाग्यांची वात आणि पोटात ऑलिव्हचे तेल. मराठी घरातील पणती पाहिलेल्या माणसाला उत्खननात सापडलेला तो दिवा ओळखू येण्यास क्षणभरही लागणार नाही. त्यात तेल थोडेच मावे. रात्रभर उजेड हवा तर कोणाला तरी अंथरुणातून उठणे भाग असे. संदेष्ट्यांच्या श्रोत्यांना ‘दिवा’ हा शब्द ऐकताच हे कष्ट आठवत असणार.

४/ भाषांतरांनी ही वस्तू अनेकदा बदलली. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये मंदिरातील तेलाच्या दिव्यांची बैठक मेणबत्तीची बैठक होऊन बसली, कारण भाषांतरकारांच्या घरी मेणबत्त्या होत्या. मराठी वाचक या बाबतीत सुदैवी आहे. प्रचलित मराठी बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात त्या बैठकींना ‘समया’ म्हटले आहे. समईत तेल असते, वात असते, काजळी धरते आणि ती कोणीतरी झाडावी लागते. मूळ प्रतिमेचा प्राण या एका शब्दात टिकून राहिला आहे.

५/ आता घरातील दिवा. ईयोबाच्या पुस्तकात आणि नीतिसूत्रांत दुर्जनाचा दिवा मालवतो, म्हणजे त्याचे घर बसते. यिर्मयाने याच प्रतिमेने संपूर्ण देशाचा नाश रंगवला. त्याच्या २५ व्या अध्यायात बाबेलच्या स्वारीनंतर या गोष्टीही नाहीशा होतात : जात्याचा आवाज आणि दिव्याचा उजेड. पहाटेचे दळण नाही, रात्रीची ज्योत नाही, म्हणजे वस्तीच उरली नाही. दिवा विझला म्हणू नये, शांत झाला म्हणावे, असे सांगणाऱ्या मराठी घरातील भय यिर्मयाच्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागले नसते.

६/ मराठीत ‘वंशाचा दिवा’ म्हणतात. हिब्रूतही राजवंशासाठी दिव्याची प्रतिमा आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दाविदाचे सैनिक वृद्ध राजाला रणात उतरू देत नाहीत, कारण तो पडला तर इस्राएलाचा दिवाच मालवेल. पुढे ‘राजे’ या पुस्तकांत एकामागून एक नादान राजे येतात आणि काही ठिकाणी लेखक सांगतो की दाविदासाठी यरुशलेमात एक दिवा राखून ठेवण्याचे वचन दिले होते, म्हणून घराणे टिकले. हे वचन खरे. पण त्याच लेखकाने त्या घराण्याच्या अपराधांची यादीही तितक्याच काळजीने लिहिली आहे.

७/ मंदिरातील दिवाही माणसांच्या हातांवरच अवलंबून होता. निर्गमाच्या पुस्तकात सात दिव्यांच्या सुवर्ण दीपवृक्षाचे वर्णन आहे. शलमोनाच्या मंदिरात असे दहा दीपवृक्ष होते, असे ‘राजे’ सांगते. पण सोन्यापेक्षा लक्षणीय आहे ती तेलाची आज्ञा : कुटून काढलेले शुद्ध ऑलिव्ह तेल लोकांनी आणून द्यावे, आणि याजकांनी संध्याकाळपासून सकाळपर्यंत दिवे राखावेत. पवित्र ज्योत आकाशातून तेवत नव्हती. ती शेतकऱ्यांच्या झाडांवर, घाण्यावर राबणाऱ्यांच्या श्रमावर आणि रात्रपाळीच्या सेवेवर तेवत होती.

८/ इ.स.पू. ५९७ मध्ये तरुण राजा यहोयाखीन बंदी होऊन बाबेलला गेला. सुमारे दहा वर्षांनी मंदिर जळाले, दीपवृक्ष लुटले गेले. येथे पुरातत्त्वाने एक विलक्षण साक्ष दिली आहे. नबुखद्नेस्सराच्या राजवाड्यात सापडलेल्या मातीच्या लेखपट्टिकांत शिधावाटपाच्या नोंदी आहेत. त्यांतील काही इ.स.पू. ५९२ च्या सुमाराच्या. त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पुत्र यांना किती तेल दिले, याचा हिशेब आहे. दाविदाच्या दिव्याचा वारस शत्रूच्या कोठारातील तेलावर जगत होता. भाकिताचा अर्थ लावणाऱ्याने ही नोंद वगळून चालणार नाही.

९/ ‘उजेड म्हणजे सदैव शुभ’ हे समीकरणही संदेष्ट्यांना मान्य नाही. सफन्याच्या पहिल्या अध्यायात देव हातात दिवे घेऊन यरुशलेमचा कोपरान्‌कोपरा धुंडाळतो; स्वस्थ बसलेल्या, देव बरेही करत नाही आणि वाईटही करत नाही असे मानणाऱ्या सुखवस्तू लोकांना शोधून शासन करण्यासाठी. हा झडतीचा दिवा आहे. आमोसाने तर देवाच्या दिवसाची आतुरतेने वाट पाहणाऱ्यांना बजावले की तो दिवस त्यांच्यासाठी काळोखाचा असेल. गोरगरिबांना तुडवणाऱ्याला प्रकाशाची आशा धरण्याचा अधिकार त्याने नाकारला.

१०/ यशयाच्या पुस्तकातील अंधारही हवेतला नाही. नवव्या अध्यायात अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसतो. त्याच्या लगत जबुलून, नफताली आणि गालील यांची नावे येतात. इ.स.पू. ७३३-७३२ च्या सुमारास अश्शूरच्या तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरने हाच मुलूख तोडून आपल्या साम्राज्यास जोडला होता. म्हणजे ‘अंधार’ हे एका जिंकलेल्या प्रदेशाचे वर्णन आहे. पुढे ४५ व्या अध्यायात, पारसीक सम्राट कोरेशाला उद्देशून, प्रकाश आणि अंधार दोन्ही एकाच देवाने घडवल्याचे सांगितले जाते. सुविचारांच्या चौकटीत हे बसत नाही.

११/ आता या विषयाचा मुख्य ग्रंथभाग : जखऱ्याचा चौथा अध्याय. काळ दारयावेश सम्राटाचा. इ.स.पू. ५२२ मध्ये त्याने सत्ता हाती घेतली तेव्हा साम्राज्यभर बंडे उसळली. ती कशी चिरडली याची प्रौढी त्याने बेहिस्तूनच्या कड्यावर कोरून ठेवली आहे. बंडे शमल्यानंतर, इ.स.पू. ५१९ च्या आरंभी, यरुशलेमात जखऱ्याला दृष्टान्त झाला. मंदिर उद्ध्वस्त, वस्ती तुरळक, कोष रिकामा. प्रांताधिकारी होता जरुब्बाबेल, तेलाच्या शिध्यावर जगलेल्या त्या यहोयाखीनाचा नातू. महायाजक होता यहोशवा.

१२/ जखऱ्याला सोन्याची समई दिसली. तिच्या माथ्यावर तेलाचे भांडे, भोवती सात दिवे, त्यांना सात सात नळ्या किंवा चोची, आणि दोन बाजूंस दोन ऑलिव्ह वृक्ष. सात चोचींचे मातीचे दिवे त्या भूमीतील उत्खननांत सापडले आहेत, त्यामुळे प्रतिमा अगदीच अपरिचित नव्हती. नवल होते ते वृक्षांचे : येथे तेल कोणी ओतत नाही, झाडेच थेट समईला तेल पुरवतात. बाबेलच्या कोठारातून शिधा घेतलेल्या घराण्याला हे दाखवले जात होते. ज्याचे तेल त्याची सत्ता, हे त्या पिढीला सांगावे लागत नव्हते.

१३/ या दृष्टान्ताचा अर्थ गुप्त आहे काय? मुळीच नाही. जखऱ्या न कळून विचारतो आणि देवदूत तेथेच उत्तर देतो. सात म्हणजे पृथ्वीभर फिरणारे देवाचे डोळे. दोन वृक्ष म्हणजे दोन तेलपुत्र, अर्थात नेमलेले दोन सेवक. पारसीक सम्राटाचे ‘डोळे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख ग्रीक लेखक करतात. अनेक अभ्यासकांना येथे त्याचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. आणि जरुब्बाबेलाला संदेश असा : हे काम सैन्याने किंवा बळाने होणार नाही, देवाच्या आत्म्याने होईल. नुकतीच बंडे चिरडलेल्या साम्राज्यात हा राजकीय सल्ला होता.

१४/ पुढे काय झाले? इ.स.पू. ५१५ च्या सुमारास मंदिर पूर्ण झाले. जरुब्बाबेल मात्र कथनातून नाहीसा होतो; दाविदाचा वंशज पुन्हा यरुशलेमच्या सिंहासनावर बसला नाही. हे भाकीत म्हणजे वेळापत्रक असते, तर ते अर्धे फसले म्हणून अडगळीत गेले असते. तसे झाले नाही. लोकांनी ते जपले, कारण त्यात त्यांना सत्तेविषयीचे एक विधान दिसले : समई राजाच्या मालकीची नाही, तो तिचा सेवक आहे. राजा गेला तरी हे विधान उरले.

१५/ सुमारे सहा शतकांनी, रोमच्या अमलाखालील पश्चिम आशिया मायनरमध्ये, ‘प्रकटीकरण’ लिहिले गेले. त्याच्या पहिल्याच अध्यायात सात समया येतात आणि त्याच अध्यायाच्या शेवटच्या वचनात लेखक खुलासा करतो की त्या सात मंडळ्या आहेत. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. ही सातही नगरे आजच्या तुर्कस्तानात नकाशावर दाखवता येतात. इफिसाला ताकीद मिळते : पहिली प्रीती सोडली आहेस, मागे फिर, नाहीतर तुझी समई जागेवरून काढली जाईल. या वाक्यातील सर्वांत वजनदार शब्द ‘नाहीतर’ हा आहे.

१६/ तरीही या सात मंडळ्यांना ख्रिस्ती इतिहासाची सात युगे ठरवणारे वाचन लोकप्रिय झाले. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कोफील्डच्या टीपायुक्त बायबलने ते असंख्य घरांत पोहोचवले. त्याचा परिणाम पाहावा. प्रत्येक वाचक आपले युग शेवटचे मानतो, म्हणजे कोमट लावदिकीयाचे. मग इफिसाला दिलेली ताकीद पूर्वजांची ठरते, स्मुर्णाचे हाल कोणा दुसऱ्याचे ठरतात. सात जिवंत नगरांना उद्देशून लिहिलेली पत्रे दिनदर्शिकेची सात पाने होतात आणि ‘नाहीतर’ गळून पडतो. जे ठरलेलेच आहे, त्यासाठी कोणी मागे का फिरावे?

१७/ याच पुस्तकाचा १८ वा अध्याय पाहावा. तेथे यिर्मयाचे जाते आणि दिवा पुन्हा येतात. जात्याचा आवाज थांबेल, दिव्याचा उजेड दिसणार नाही. पण या वेळी शिक्षा ‘बाबेल’ला आहे, आणि सात टेकड्यांवर बसलेले हे बाबेल म्हणजे रोम, हे त्या काळच्या वाचकाला उघड होते. त्याआधी व्यापाऱ्यांच्या मालाची यादी येते : सोने, मोती, जांभळी वस्त्रे, द्राक्षारस, तेल, गहू आणि सर्वांत शेवटी माणसांचे जीव. हे आरोपपत्र आहे. ज्यांनी इतरांच्या घरचे दिवे मालवले, त्यांच्या दाराशी यिर्मयाची जुनी प्रतिमा आणून ठेवली आहे.

१८/ दिव्यात तारीख वाचल्याची किंमत इतिहासाने पाहिली आहे. अमेरिकेतील शेतकरी-उपदेशक विल्यम मिलर याने दानिएलाच्या पुस्तकातील २३०० दिवसांवरून ख्रिस्ताच्या पुनरागमनाचे गणित मांडले. अपेक्षित काळ टळला, तेव्हा अनुयायांनी दहा कुमारींच्या दाखल्याचा आधार घेतला : वराला उशीर झाला आहे, मध्यरात्रीची हाक आता ऐकू येईल. त्यांच्या एका नियतकालिकाचे नावच ‘मिडनाइट क्राय’ होते. अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरला. काहींनी शेतातील पीकही काढले नाही. तो दिवस गेला. इतिहास त्याला ‘महानिराशा’ म्हणतो.

१९/ येथील विपरीत गोष्ट लक्षात घ्यावी. तो दाखला ज्या वाक्याने संपतो, त्याचा आशय असा की दिवस आणि घटका कोणालाच माहीत नाही, म्हणून जागे राहा. शहाण्या पाच कुमारींकडे वेळापत्रक नव्हते. त्यांच्याकडे भांड्यात जास्तीचे तेल होते. मूर्ख पाच जणींचे गणित चुकले नव्हते, तयारी अपुरी होती. तारीख काढण्यासाठी हा दाखला वापरणे म्हणजे त्याच्या एकमेव तात्पर्याविरुद्ध जाणे. मिलरच्या अनुयायांची श्रद्धा प्रामाणिक होती, त्यांचे दुःख खरे होते. म्हणूनच त्यांना फसवणाऱ्या वाचनपद्धतीची चिकित्सा अधिक कठोरपणे व्हायला हवी.

२०/ यावर एक रास्त आक्षेप येईल. प्रतीके बदलतात, प्रकटीकरणाच्या ११ व्या अध्यायाने जखऱ्याचे ऑलिव्ह वृक्ष घेऊन त्यांचे दोन साक्षीदार केले, मग आजच्या वाचकाने नवा अर्थ का घेऊ नये? अवश्य घ्यावा. श्रद्धावंताला आपल्या काळासाठी ग्रंथ वाचण्याचा अधिकार आहे. पण ‘आज असा अर्थ घेता येतो’ आणि ‘पहिल्यापासून हाच अर्थ दडलेला होता’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिले परंपरेचे जिवंतपण आहे. दुसरे इतिहासाविषयीचे विधान आहे आणि त्याला पुरावा द्यावा लागतो.

२१/ अर्थांतराचा प्रामाणिक इतिहास तर कितीतरी रोचक आहे. हासमोनी घराण्याचा शेवटचा राजा मत्तथ्या अँटिगोनस (इ.स.पू. ४०-३७) रोमच्या पाठबळावर आलेल्या हेरोदाशी झुंजत असताना आपल्या लहानशा कांस्य नाण्यावर सात शाखांचा दीपवृक्ष कोरतो. इ.स. ७० मध्ये रोम मंदिर जाळते आणि टायटसच्या कमानीवर तोच दीपवृक्ष लुटीच्या मिरवणुकीत दिसतो. १९४९ मध्ये इस्राएल राष्ट्र कमानीवरील तेच रूप राजचिन्हात घेते आणि दोन बाजूंस जखऱ्याच्या ऑलिव्हच्या फांद्या ठेवते. प्रतीक एकच, पराभूत राजा, विजेता सम्राट, नवे राष्ट्र असे त्याचे धनी तीन.

२२/ तेलाचा हा धागा कोकणापर्यंतही येतो. अलिबागच्या परिसरातील बेने इस्राएल हा मराठीभाषक ज्यू समाज पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत असे. शब्बाथ पाळण्यासाठी त्यांचे घाणे शनिवारी बंद राहत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. गावाने त्यांची ओळख ग्रंथावरून केली नाही. सहा दिवस फिरणाऱ्या आणि सातव्या दिवशी थांबणाऱ्या घाण्यावरून केली. दिव्यामागे तेल असते आणि तेलामागे हात, याचे याहून नेमके उदाहरण दुसरीकडे शोधण्याची गरज नाही.

२३/ तेव्हा बायबलमधील दिवा समोर आला की इतिहासाच्या वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. हा दिवा कोणाचा : घराचा, राजाचा, मंदिराचा की मंडळीचा? त्यात तेल कोणाचे? आणि तो विझला तर कोणाच्या वागण्यामुळे? यिर्मया, जखऱ्या, योहान, तिघांच्याही ग्रंथांत या प्रश्नांची उत्तरे उघडपणे दिलेली आहेत. त्यांसाठी गुप्त किल्ली विकत घेण्याचे कारण नाही. सात युगांचे गणित मांडणारा भविष्याविषयी बोलत असल्याचा आव आणतो. संदेष्टे मात्र समोर बसलेल्या माणसाला विचारत होते : तुझ्या भांड्यात तेल किती आहे?